ठाण्याहून पाचूबंदर, खाडीच्या वाटेने

ठाणं बेटावर आहे हे मला बाविसाव्या वर्षी कळलं, तेही अमोनियाच्या वासात. नौपाड्यातल्या ज्या दुकानात मी कामाला आहे, तिथे आम्ही इमारतींचे, गटारांचे, रस्त्यांचे नकाशे अमोनियाची वाफ देऊन निळ्या प्रतीत काढून देतो. एक दिवस एक इंजिनियर साहेब खडकांचा नकाशा घेऊन आले. प्रत वाळेपर्यंत मी तिच्या कडेकडेने बोट फिरवत बसलो. वर वसईची खाडी, उजवीकडे उल्हास नदी, तिच्या खाली ठाण्याची खाडी, डावीकडे समुद्र. बोट निघालं तिथेच परत आलं आणि मध्ये कुठेही जमीन आडवी आली नाही.

"साहेब, हे बेट आहे?"

"मग? साष्टी बेट. रोज डोंबिवलीहून पूल ओलांडून येतोस ना? बेटावरच येतोस."

साहेबांना वेळ होता. त्यांनी सांगितलं की हे अख्खं बेट लाव्ह्याचं आहे, थरावर थर. नकाशात कळव्याच्या पुलाजवळ खाडीला आडवी एक जाड रेघ होती. तो कठीण काळ्या कातळाचा पट्टा. बाकीचा दगड पाण्याने झिजला, तो झिजला नाही. पार दक्षिणेकडची बेटं मात्र वेगळी, म्हणाले. तिथे दगड नाही, सगळं पोवळ्याचं. बारीक जिवांच्या हाडांवर माणसं घरं बांधून राहतात.

ते सहज बोलत होते आणि माझा हात खिशाकडे गेला. कारण त्याच दक्षिणेकडच्या बेटांना माल पोचवणाऱ्या एका बोट कंपनीचं पत्र माझ्या खिशात होतं. मी खलाशाच्या जागेसाठी गुपचूप अर्ज केला होता, पत्ता दुकानाचा दिला होता. पुढच्या सोमवारी कंपनीच्या कचेरीत जाऊन फॉर्म भरायचा होता. अकरावीत शाळा सुटलेल्या माणसाला अशी पत्रं वारंवार येत नाहीत.

आईला सांगितलं नव्हतं. तिचे वडील देवगडचे. ते समुद्रावर गेले आणि परत आले नाहीत, एवढंच आम्हाला ठाऊक आहे. आमच्या डोंबिवलीजवळच्या कोपरच्या खोलीत समुद्राचा विषय निघाला की ती स्टोव्हला पंप मारायला लागते.

आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. मी होडीतसुद्धा कधी बसलो नव्हतो. म्हणून वहीत दोन अटी लिहिल्या. एक, उलटी होता कामा नये. दोन, हात थरथरता कामा नयेत. दोन दिवस पाण्यावर काढायचे, आणि दोन्हींतली एक जरी मोडली तरी पत्र फाडून टाकायचं.

होडीची सोय प्रकाशमुळे झाली. प्रकाश ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला, माझा शाळेतला मित्र, आता वागळे इस्टेटमध्ये टर्नर. त्याचे वडील, त्यांना मीही बाबाच म्हणतो, अजून खाडीत जातात. प्रकाशची बहीण वसईला पाचूबंदरात दिली आहे. दर मार्गशीर्षात बाबा होडीनेच तिच्याकडे जातात आणि आठ दिवस राहतात. या वेळी आम्ही दोघे सोबत जायचं ठरलं. अठ्ठ्याऐंशी सालचा मार्गशीर्ष, शुद्ध सप्तमी, शुक्रवार. शुक्रवारी कारखान्यांना आणि आमच्या दुकानालाही सुट्टी, शनिवारची रजा दोघांनी मागून घेतली. आईला सांगितलं, प्रकाशच्या बहिणीकडे जातोय. ते खोटं नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला या वाटेने जायचं असेल तर एक गोष्ट आधी लिहितो. सगळा प्रवास भरतीवर अवलंबून आहे. ठाण्याहून निघून कळव्याच्या पुलाखालून उत्तरेला जायचं, तिथला कातळ पुरत्या भरतीला ओलांडायचा, मग उल्हासला लागून ओहोटीबरोबर वसईकडे उतरायचं. कातळ चुकला की सगळं चुकलं.

भरतीचं गणित मला येत होतं. कोळीवाड्यात लहान मुलांनाही येतं: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. सप्तमी म्हणजे सव्वापाच. पण ही वेळ मुंबईची, असा मी विचार केला. पाण्याला ठाण्यापर्यंत यायला वेळ लागणारच. मी नकाशावर दोरा लावून अंतर मोजलं, वेग धरला आणि त्यात दीड तास मिळवला. पावणेसात. स्वच्छ अक्षरात तक्ता केला: कोळीवाडा सहा वीस, कातळ पावणेसात, कोलशेत आठ, गायमुख नऊ. दुकानात त्याच्या तीन प्रतीही काढल्या.

गुरुवारी संध्याकाळी चंपाषष्ठीचं भरीत घेऊन मी कोळीवाड्यात गेलो आणि बाबांपुढे तक्ता ठेवला. बाबा जाळं शिवत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही.

"पाचला निंगाचा. सारेपाचला कातलाच्या पल्यार गेला पायजे."

"पण बाबा, भरती तर पावणेसातला."

"कोन बोलला?"

"अंत्याने हिशेब केलाय," प्रकाश म्हणाला. "बाबा, तुमचं सगळं अंदाजपंचे असतं. याने नकाशावरून काढलंय. एक तास झोपू द्या ना यार, सुट्टी आहे."

बाबांनी सुईतला दोरा दाताने तोडला. माझ्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. "तुजा कागद, तुजी येल," म्हणाले. "बराय. कागदावर जाव."

मला त्या क्षणी बरं वाटलं. आता लिहिताना लाज वाटते.

पहिला दिवस

मी पहिल्या गाडीने ठाण्याला पोचलो. सामान: दोन कपडे, वही, पेन्सिल, लिंबं, आल्याच्या वड्या, ओळखीच्या कंपाउंडरने दिलेल्या मळमळीच्या दोन गोळ्या. होडीत चढण्यापूर्वी मी सगळं दोनदा तपासलं, त्यामुळे सहा वीसचे पावणेसात झाले. बाबांनी दोन मोठे डबे आणि पाण्याचा कॅन ठेवला. तीन माणसांच्या दोन वेळांचं जेवण मावेल एवढे डबे. मी मनात म्हटलं, लेकीकडे चाललेत, तिच्यासाठी असेल.

थंडी होती. पाण्यावर धूर बसल्यासारखं धुकं. होडीच्या मागे लहान इंजिन आहे, त्याचा आवाज सुरुवातीला छातीत वाजतो. पुलाच्या खांबांखालून गेलो तेव्हा मी पहिल्यांदा वर पाहिलं. जिथून रोज खाली बघायचो, ती जागा खालून वेगळीच दिसते. खांबांवर कालवं चिकटलेली, त्यांच्या वर पाण्याची काळी ओली रेघ.

ती रेघ पाण्यापासून वीतभर वर होती. म्हणजे पाणी उतरायला लागलं होतं. मला ते दिसलं, समजलं, आणि मी तक्त्याची प्रत घडी करून वहीत सारली.

पूल मागे पडला. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी सुरू झाली. प्रकाश पुढे बसून बांबूने तळ चाचपत होता. "आहे, आहे, भरपूर आहे," म्हणत होता. मग बांबू टणकन वाजला.

"बाबा, दगड!"

बाबांनी इंजिन बंद केलं. होडी आपसूक डावीकडे सरकली, खालून घसटल्याचा लांब आवाज आला, आणि थांबली. माझ्या घड्याळात सव्वासात झाले होते.

प्रकाश उतरून ढकलायला लागला, तर मांडीपर्यंत चिखलात गेला. मी उतरलो, मीही गेलो. आम्ही दोघांनी ढकलून होडी हातभर हलली, तीही आडवी. बाबा वरून बघत होते.

"झाला? या वर. आता सांज व्हयाच्या आधी ही हालाची नाय."

"संध्याकाळ?" मी म्हटलं. "बाबा, मी तर दीड तास..."

"त्यो दीर तास कशाला टाकलास?"

"पाण्याला मुंबईहून इथे यायला वेळ लागेल म्हणून."

"पानी काय वझा घेऊन पायी चालत येतंय?" बाबा हसले. त्यांना पुढचे दोन दात नाहीत. "त्याला म्हागून दर्या रेटतंय. अर्द्या तासान येतंय ठान्याला. आनि आज सातम. भांगाचा पानी. कातलावर आदीच कमी, वरशान तू येल केलास."

भांगाचं पाणी म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या सुमाराची कमी भरती. पौर्णिमा-अमावास्येला असतं ते उधाण. मी वेळेचं गणित केलं होतं, पाणी किती येणार हे मला सुचलंच नव्हतं.

"मग तुम्ही काल बोलला का नाही?" प्रकाश वैतागला.

"बोललू ना. पाचला निंगाचा बोललू."

"नीट सांगायचं ना पण!"

"तुमी नीट आयकाचा ना." बाबांनी एक डबा पुढे ओढला, झाकण काढलं. तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी, कांदा. "मना म्हाईत व्हता. म्हनून दोन डबं आनलं."

प्रकाशने कपाळावर हात मारला. मग तो आधी हसला, त्यानंतर मी.

साडेआठ तास आम्ही तिथे होतो. हे तास कसे गेले ते लिहिणं कठीण आहे, कारण मी एका जागी बसू शकत नव्हतो आणि उठून जायला जागा नव्हती. होडी सहा पावलांची. मी पुढे जायचो, मागे यायचो. दर दहा मिनिटांनी घड्याळ. पुलावरून गाड्या जात होत्या, आणि मला वाटत होतं की प्रत्येक खिडकीतून दुकानाचे शेठ माझ्याकडे बघताहेत. इतकं जवळ. ठाणं स्टेशनची घोषणा ऐकू येईल की काय असं वाटण्याइतकं जवळ, आणि तरी जाता येत नाही.

दुपारी पाणी पार उतरलं आणि तो कातळ बाहेर आला.

नकाशातली जाड रेघ. काळी, ओली, भिंतीसारखी सरळ, एका काठाच्या तिवरांतून निघून दुसऱ्या काठाकडे गेलेली. मध्ये दोन-तीन ठिकाणी फट होती, तिच्यातून पाणी ओहोळाएवढं वाहत होतं. मी चिखलातून फळी टाकत कातळापर्यंत गेलो. दगडाला पोकळ्या होत्या आणि एका पोकळीत पांढरे, टोकदार, साखरेसारखे खडे. मी बोट लावलं. धारदार होते. निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे ते बटबटीत डोळ्यांचे मासे, माझ्या पायांजवळून पळत होत्या.

मी कातळावर उभा राहिलो. एकीकडे बेट, जिथे माझी नोकरी. दुसरीकडे जमीन, जिथे आई. नकाशात माझं बोट पाण्यावरून सरळ फिरलं होतं, आणि इथे बेट जमिनीला जवळजवळ चिकटलेलं. साहेबांना हे सांगायला हवं असं मनात आलं. मग वाटलं, बाबांना तर या कातळाबद्दल विचारलंच नाही.

परत येऊन विचारलं. बाबा आडवे पडले होते, टोपी तोंडावर.

"माजा आजा सांगाचा, आदी लोका इथशी चालत जात. पाय घसारला तर तंगरी मोरते. आमच्या चुलत्याची मोरली." मग टोपीखालूनच, "बोटीवर जातंस बोलतान. परकाश बोलला."

मी प्रकाशकडे पाहिलं. तो बांबू निरखायला लागला.

"अजून ठरलं नाही, बाबा."

"आयशीला सांगलास?"

"नाही."

बाबांनी कूस बदलली आणि टोपी पुन्हा तोंडावर ओढली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तीनच्या सुमाराला दक्षिणेकडून, पुलाखालून, पाणी आलं. आवाज नाही, फक्त चिखलाचा रंग बदलत पुढे सरकत होता. कातळाच्या फटीतून वाहणारा ओहोळ थांबला, घुटमळला, आणि उलटा वाहू लागला. मग पाऊण तासाने उत्तरेकडूनही आलं. ते वसईहून, अख्ख्या बेटाला वळसा घालून आलेलं. दोन्ही पाणी आमच्या होडीच्या पुढे वीसेक हातांवर भेटलं. तिथे फेसाची एक वाकडी रेघ तयार झाली. तिच्यात काटक्या, निर्माल्य, एक रबरी चप्पल, सगळं गोलगोल फिरत राहिलं. एका बाजूचं पाणी मातकट, दुसऱ्या बाजूचं हिरवट.

मी वहीत वेळ लिहिली: तीन पंचावन्न. तेवढ्यात होडी खालून हलकी झाली.

"बांबू घे," बाबा म्हणाले. प्रकाशला नाही, मला.

अंधारायच्या आत आम्ही गायमुखला पोचलो. तिथे होडी बांधली आणि दुसरा डबा उघडला. घोडबंदर रोडने जाणाऱ्यांसाठी: गायमुखला ठाण्याहून बस येते, रस्त्यालगत एक चहाची टपरी आहे, बाकी जंगल आणि खाडी. एकट्याने संध्याकाळी थांबू नये. येऊरचे बिबटे इथवर उतरतात असं टपरीवाला सांगत होता. रात्री मी होडीत झोपलो. झोपलो म्हणजे पडलो.

दुसरा दिवस

या वेळी मी तक्ता काढला नाही. बाबा म्हणाले "निंगाचा" आणि आम्ही निघालो.

ही वाट मात्र सगळ्यांनी एकदा तरी पाहावी. ओहोटी तुम्हाला हाताला धरून नेते. डावीकडे डोंगर थेट पाण्यात उतरतात आणि त्यांच्या कापलेल्या कडेला लाव्ह्याचे थर दिसतात, वहीच्या पानांसारखे. समोरून रेतीचे पडाव येत होते, शिडाला ठिगळं, काठ पाण्याला टेकलेला. घोडबंदरला टेकडीवर किल्ल्याच्या भिंती आहेत. इथे अरबी घोडे उतरायचे म्हणून घोडबंदर, असं सांगतात. माझ्या मनात मात्र वरच्या अंगाचं कल्याण होतं. तिथल्या खाडीत महाराजांनी गलबतं बांधायला घेतली हे चौथीत पाठ केलं होतं. तीही गलबतं याच पाण्याने, याच वळणांवरून समुद्राला गेली असणार. कल्याणला मी शेकडो वेळा गेलोय, रेशनिंग ऑफिसात.

हायवेचा पूल, मग रेल्वेचा पूल, मध्ये पाणजू बेट, त्याच्या भोवती मिठागरं. पुढे काठ एकमेकांपासून लांब जायला लागले. इतके लांब की उजवा काठ दिसेनासा होईल असं वाटलं. वारा समोरून आला.

"धरून बसा," बाबा म्हणाले.

खाडीचं उतरतं पाणी आणि समोरचा वारा एकमेकांवर आदळतात तिथे लाटा उभ्या राहतात. मोठ्या नव्हत्या, बाबांच्या मते. होडीचं नाक वर गेलं, आभाळ दिसलं, खाली आलं, पाणी दिसलं. तिसऱ्या वेळी मी काठाला पोट टेकवलं आणि आल्याच्या वड्यांसकट सगळं खाडीला दिलं.

"अरे अंत्या!" प्रकाश खदाखदा हसला. "बोटीवर जाणार म्हणे! कॅप्टन! अरे बघा हो बाबा, कॅप..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघाला नाही. दुसरंच निघालं. चेंदणी कोळीवाड्याचा टर्नर माझ्या शेजारी येऊन ओणवा झाला.

बाबांना हसू आवरेना. "संपला? का हाय अजून?"

"बाबा, तुम्हाला कधी..." मी तोंड पुसत विचारलं.

"दर साली. पावसाल्यानंतर दर्यान उतरलू का पयल्या दिसाला वकतू. बायको बोलते, घरात नको, दर्यान जा."

मग त्यांनी मला हाक मारली. पुढची दोरी सुटली होती, ती बांधायला त्यांना पुढे जायचं होतं आणि प्रकाश उठण्याच्या स्थितीत नव्हता. "ये, सुकानू धर."

मी सुकाणू धरलं. माझे हात थरथरत होते. थोडेथोडके नाही, कोपरापासून. बाबा दोरी बांधून परत आले, तरी त्यांनी सुकाणू घेतलं नाही. ते माझ्या हातांकडे बघत बसले. मी म्हटलं, "बाबा, घ्या. हात हलताहेत."

"हालतान तर हालू दे. सोरू नको."

किती वेळ धरलं ते माहीत नाही. घड्याळ बघायला हात मोकळा नव्हता.

वसईचा किल्ला समुद्राकडून दिसतो तेव्हा आधी भिंत दिसत नाही, ताडांची झाडं दिसतात, आणि मग त्यांच्यात काळा दगड. साडेदहाला आम्ही पाचूबंदरला लागलो. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले, त्यांच्या खालून वाकून जावं लागतं. प्रकाशच्या बहिणीने आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि आधी लिंबाचं पाणी दिलं, मग विचारलं, "दोगंपन?" बाबा म्हणाले, "दोगंपन," आणि आत जाऊन झोपले. कालवणाला तिखट फार होतं. मी तीन वेळा भात घेतला.

बाबा तिथेच राहिले. आम्ही दुपारी किल्ला पाहिला आणि ठाण्याच्या एसटीने परत निघालो. गाड्या कमी आहेत, स्टँडवर वेळ विचारूनच किल्ल्यात शिरा. घोडबंदर रोडवर तासाभरात तेच सगळं उलटं गेलं. खिडकीतून खाडी अधूनमधून दिसत होती. मी शेजारच्या माणसाला सांगणार होतो की मी आत्ता तिच्यावरून आलो, पण तो झोपला होता.

घरी

कोपरला पोचल्यावर आधी वही काढली. अट पहिली: मोडली. अट दुसरी: मोडली. पत्र खिशात होतं, चिखलाचा डाग लागलेलं. मी ते दोन्ही हातांत धरलं, फाडायला. आणि हात तसेच राहिले. बाबांचा एक डबा माझ्या पिशवीत आला होता, तो आईने बाहेर काढला होता.

"हा कुणाचा?"

डबा रिकामा परत करायचा नाही, ही आमच्या घरची रीत. आणि काय भरायचं हे ठरवायला तो कुणाचा, कशाचा, हे सांगावं लागतं. मी सांगायला लागलो. डबा, मग कातळ, मग सुकाणू. आणि मग पत्र. मध्ये थांबता आलं नाही.

आईने स्टोव्हला पंप मारला नाही. तिने डबा घासला, पुसला, पालथा करून पाहिला. रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा तो डबा रव्याच्या लाडवांनी भरलेला होता, झाकणाला सुतळी बांधलेली.

"बाबा आठ दिवसांनी येणार आहेत," मी म्हटलं. "आत्ता त्यांच्या घरी देऊन येतो."

"दे. आणि ते आले की त्यांना एक विचार." तिने सुतळीची गाठ पुन्हा घट्ट केली. "बोटीवर माणसाला जेवायला काय देतात?"

सोमवारी मी फॉर्म भरला. नाव, जन्मतारीख, शिक्षण, सगळं दोनदा तपासून. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं: समुद्राचा पूर्वानुभव. मी थोडा वेळ पेन धरून बसलो, कारण हात थरथरत होता. मग लिहिलं: दोन दिवस. आणि चुकीची माहिती जायला नको म्हणून पुढे कंस केला: चिखलातले साडेआठ तास धरून.